बेगमपेठची वेधशाळा आणि मोजणीची वही

गेल्या वर्षी गौरी यायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आई पंचांग घेऊन बसली होती. "उद्या अनुराधा किती वाजेपर्यंत आहे ते बघ रे, त्याआत गौरी घरात यायला हव्यात," असं ती दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी चष्मा माझ्याकडे देते. मी आकडे वाचून दाखवले. नववीतली लेक शेजारी रांगोळीचे डबे पुसत होती. तिने सहज विचारलं, "बाबा, अनुराधा म्हणजे आकाशात नेमकी कुठे?"

मला सांगता आलं नाही. अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन, हे लहानपणापासून पाठ आहे. चार पिढ्या हैदराबादेत राहूनही आमच्या घरातल्या गौरींचा हा क्रम चुकलेला नाही. पण त्या नावाचा तारा आकाशात कुठे असतो, हे मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. आईलाही सांगता येईना. ती म्हणाली, "पंचांगात आहे ना, मग आकाशात असणारच."

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी आपल्याच गावातल्या एका जुन्या वास्तूपर्यंत पोचलो. ती म्हणजे बेगमपेठची निजामिया वेधशाळा. नोकरीच्या निमित्ताने त्या भागातून मी वीस वर्षं जातो-येतो आहे. अमीरपेठच्या गर्दीत, उंच इमारतींच्या मागे, झाडीत दडलेले घुमट आहेत, एवढंच ऐकून होतो. एका रविवारी लेकीला घेऊन मुद्दाम गेलो. आज त्या आवारात एक अर्थशास्त्रीय संशोधन संस्था आहे. फाटकावरच्या माणसाने आमची चौकशी केली आणि म्हणाला, "पुरानी इमारत है साब, बाहर से देख लो." आम्ही बाहेरूनच पाहिलं. गोल भिंत, त्यावर घुमट, भोवती झाडं. मोठी दुर्बीण पाहायची म्हणून गेलो होतो, ती काही डोळ्यांना दिसली नाही. पण परत आल्यावर तिच्याविषयी जे वाचलं, त्यातून एक वेगळीच गोष्ट हाती लागली. आपल्या मंडळाच्या वाचकांना ती सांगावी असं वाटलं, कारण ती एका अर्थाने आपल्याही घरची गोष्ट आहे.

एका नवाबाची हौस

हैदराबाद संस्थानात नवाब जफर जंग बहादूर नावाचे एक सरदार होते. त्यांना ताऱ्यांचा नाद होता. विलायतेला गेले असताना त्यांनी १५ इंची दुर्बीण विकत घेतली. ती होती ग्रब यांच्या कारखान्याची. डब्लिनच्या या कारखान्याचं नाव त्या काळी दुर्बिणींच्या जगात मोठं होतं. १९०१ मध्ये नवाबसाहेबांनी शहराच्या दक्षिणेला फिसलबंडा इथल्या आपल्या जागेत वेधशाळा उभी करायला घेतली आणि तिला निजामाचं नाव देण्याची परवानगी मागितली. त्याच वेळी आणखी एक विनंती त्यांनी करून ठेवली. आपल्या पश्चात ही वेधशाळा सरकारने चालवावी.

१५ इंच म्हणजे दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास, सुमारे ३८ सेंटिमीटर. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली जास्तीत जास्त सात-एक मिलिमीटर उघडते. त्या हिशेबाने हे भिंग आपल्या डोळ्याच्या जवळजवळ तीन हजार पट प्रकाश गोळा करतं. अशी दुर्बीण हौसेने आणणं एक आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालवणं वेगळं, हे नवाबसाहेबांना कळलं होतं असं दिसतं. या विनंतीचं महत्त्व समजायला त्याच सुमाराचं पुण्याचं उदाहरण पाहावं.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली होती. महाराजा तख्तसिंहजींचं नाव तिला दिलं होतं. तिथली ग्रब यांचीच २० इंची आरशाची दुर्बीण ही त्या काळातली देशातली सर्वांत मोठी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगामवालांनी सोलापूरकडच्या जेऊर इथे तळ ठोकून वेध घेतले होते. लोकमान्य टिळकांचा वेदकालनिर्णयाचा 'ओरायन' हा ग्रंथ १८९३ मध्ये निघाला, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये. म्हणजे ज्या वर्षांत पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव मूळ धरत होता, त्याच वर्षांत तिथे आकाशाचाही अभ्यास जोरात होता. पण १९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त झाले आणि पुण्याची ती वेधशाळा बंद झाली. दुर्बीण सुटी करून कोडाईकनालला गेली. माणूस गेला, काम थांबलं.

हैदराबादेत नेमकं उलट घडलं. १९०७ मध्ये नवाबसाहेब वारले आणि १९०८ मध्ये संस्थानच्या अर्थखात्याने वेधशाळा ताब्यात घेतली. आपल्या शहराच्या आठवणीत १९०८ हे साल मुसीच्या पुराचं आहे. त्या सप्टेंबरात नदीने अर्धं शहर धुऊन नेलं. अशा वर्षी सुरू झालेलं सरकारी काम पहिल्या अडचणीत गुंडाळलं जाणं अगदी शक्य होतं. ते गुंडाळलं गेलं नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे होते. ते १९५६ मध्ये वेगळे झाले. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा तिकडूनच इकडे आले, आमचेही बीडकडचे. अर्थखात्याच्या पैशावर चालणारी ही वेधशाळा म्हणजे त्यांनी भरलेल्या शेतसाऱ्यातूनही चाललेली वेधशाळा. तेव्हा ती 'निजामाची' म्हणून आपण तिच्याकडे परक्यासारखं पाहण्याचं कारण नाही.

मोठी दुर्बीण थांबली, लहान कामाला लागली

पहिले संचालक म्हणून आर्थर चॅटवुड नावाचे इंग्रज गृहस्थ आले. त्यांनी फिसलबंडा सोडून बेगमपेठची जागा पसंत केली. तेव्हा बेगमपेठ शहराबाहेर होतं. आज त्या जागी उभं राहून हे खरं वाटत नाही.

आता गंमत पाहा. ज्या मोठ्या दुर्बिणीमुळे वेधशाळा जन्माला आली, ती १५ इंची ग्रब प्रत्यक्ष उभी राहिली १९२२ मध्ये. म्हणजे घेतल्यापासून वीस-एकवीस वर्षांनी. या मधल्या काळात वेधशाळेचं नाव जगात नेलं ते दुसऱ्या, लहान दुर्बिणीने. ही कुक कंपनीची ८ इंची, खास आकाशाची छायाचित्रं घेण्यासाठी बनवलेली. तिच्यासमोर डोळा लावून बसायचं नसे, तर छायाचित्राची काच लावायची.

या लहान दुर्बिणीपुढे काम मात्र प्रचंड होतं. १८८७ मध्ये पॅरिसला जगभरचे ज्योतिर्विद जमले आणि त्यांनी ठरवलं की सगळ्या आकाशाची छायाचित्रांवरून मोजणी करायची. पृथ्वीवरच्या वेगवेगळ्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. आकाशातल्या विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंशांचा पट्टा दक्षिण अमेरिकेतल्या सँटियागोच्या वाट्याला होता, पण त्यांच्याकडून ते काम झालं नाही. तो पट्टा हैदराबादने घेतला. पुढे जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या वाट्याचा, उत्तरेकडचा ३६ अंशांपासूनचा काही भागही रखडला, तोही हैदराबादने पुरा केला. दोन खंडांतल्या वेधशाळांचं राहिलेलं काम बेगमपेठच्या माळावर झालं.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. अनुराधा नक्षत्राचे तारे म्हणजे वृश्चिकाच्या डोक्याकडचे, एका ओळीत दिसणारे तारे. त्यांतले वरचे दोन विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण साडेएकोणीस आणि साडेबावीस अंशांवर येतात, म्हणजे बरोबर हैदराबादच्या पट्ट्यात. आपल्या घरी ज्या नक्षत्रावर गौरी येतात, त्याच्या परिसरातले तारे मोजण्याचं काम साऱ्या जगातून हैदराबादच्या वाट्याला आलं होतं! शेतकऱ्याला पावसावरून ठाऊक असलेल्या हस्त नक्षत्राचाही काही भाग याच पट्ट्यात येतो.

काचेवरची मोजणी

मी सरकारी मोजणी खात्यातला माणूस. डिप्लोमा करून नोकरीला लागलो. साखळीच्या शेवटच्या आणि उपग्रहाच्या पहिल्या काळातला. त्यामुळे ताऱ्यांपेक्षा ते मोजले कसे, याचंच मला जास्त कुतूहल वाटलं.

त्याची पद्धत अशी. प्रत्येक काच साधारण १६ सेंटिमीटर चौरस. तिच्यावर आकाशाचा दोन अंश लांब, दोन अंश रुंद तुकडा उमटायचा. दुर्बिणीची लांबी अशी ठरवलेली की काचेवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली एक कला, अंशाचा साठावा भाग. काचेवर आधीच पाच-पाच मिलिमीटरवर आडव्या-उभ्या रेघांची जाळी उमटवलेली असे. काच धुऊन वाळली की सूक्ष्मदर्शकासारख्या मोजणी-यंत्रावर ठेवायची. एकेक तारा घ्यायचा, तो जाळीच्या कुठल्या चौकोनात आहे, आडव्या रेघेपासून किती, उभ्या रेघेपासून किती, ते वाचायचं. ठिपका केवढा आहे, तेही पाहायचं, कारण त्यावरून ताऱ्याची तेजस्विता कळते. मग वहीत लिहायचं आणि पुढचा तारा.

माझ्या खात्यातल्या कुणालाही हे वाचून ओळखीचं वाटेल. आमच्याकडे निजामकाळची टिप्पणं असतात, एकेका सर्व्हे नंबरचा आकृतीसह मोजणीचा कागद. शेताच्या मधून एक मुख्य रेघ धरायची, तिच्यावर कुठे किती अंतरावर बांधाचा कोपरा पडतो ते लिहायचं. टिप्पणावरून सेतवार, सेतवारावरून पहाणी. बेगमपेठच्या त्या वह्या म्हणजे आकाशाची टिप्पणंच.

आणखी एक साम्य आहे. मोजणीत नुसत्या बाजू मोजून चालत नाही, पडताळ्याची एक रेघ मोजावी लागते. ती जुळली तरच बाकीचं खरं. आकाशाच्या त्या योजनेतही पडताळा होता. काचा अशा घ्यायच्या की एका काचेचा कोपरा दुसऱ्या काचेच्या मध्यावर येईल, म्हणजे प्रत्येक तारा निदान दोन काचांवर सापडेल. दोन्हीकडचं माप जुळलं पाहिजे.

१९१४ मध्ये चॅटवुड यांच्या जागी रॉबर्ट पोकॉक आले. ऑक्सफर्डला प्रा. टर्नर यांच्या हाताखाली त्यांनी हेच काम शिकलेलं होतं. त्यांनी मोजणीला वेग दिला. पण १९१८ मध्ये ऐन तरुण वयात ते वारले. पुन्हा तोच प्रसंग, मुख्य माणूस गेला. या वेळी सूत्रं आली त्यांचे सहकारी टी. पी. भास्करन यांच्याकडे, आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं, १९४४ पर्यंत, त्यांनी ती सांभाळली. १९१९ मध्ये वेधशाळा नव्या उस्मानिया विद्यापीठाकडे देण्यात आली. १५ इंची दुर्बीण भास्करन यांच्याच काळात उभी राहिली. तिच्यावर तेज बदलणारे तारे, जोडतारे आणि चंद्राआड जाणारे तारे यांचे वेध घेतले गेले. पण लहान दुर्बिणीच्या काचांची मोजणी चालूच राहिली. पहिलं महायुद्ध संपलं, दुसरं सुरू होऊन संपत आलं, तरी बेगमपेठचे खंड छापले जात होते. असे बारा खंड निघाले. त्यांत साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची नोंद झाली.

हा आकडा वाचून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एका माणसाने दिवसाला २०० तारे मोजले असं धरलं, तरी एकट्याला तीन हजार आठशे कामाचे दिवस लागतील. वर्षाला २८० दिवस धरले तर साडेतेरा वर्षं. आणि हे फक्त एकदा मोजायचं म्हटलं तर. प्रत्येक ताऱ्याचे दोन आकडे, म्हणजे किमान पंधरा लाख वाचनं. त्यातलं प्रत्येक वाचन कुणीतरी डोळा लावून केलेलं आणि हाताने लिहिलेलं.

त्या खंडांची काही पानं मी संगणकावर पाहिली. नुसते आकड्यांचे रकाने. ना वर्णन, ना कौतुक. लेक म्हणाली, "बाबा, हे तर तुमच्या ऑफिसातल्या रजिस्टरसारखं आहे." मी हो म्हणालो. मला ते आवडलं.

एका बांधाची गोष्ट

इथे माझी एक गोष्ट सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण तिच्याशिवाय मला या वह्यांचं मोल कळलं नसतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एप्रिलच्या उन्हात, एका गावी दोन भावांच्या वाटणीची मोजणी माझ्याकडे होती. तीन बाजू मोजून झाल्या. पडताळ्याची रेघ काटेरी झुडपांतून जात होती. दुपारचे दोन वाजले होते, मजूर कंटाळले होते. मी ती रेघ मोजली नाही. बाकीच्या मापांवरून हिशेबाने जो आकडा यायला हवा, तोच वहीत लिहिला. साहजिकच सगळं जुळलं. वरिष्ठांनी सही केली.

सात-आठ वर्षांनी माझी बदली होऊन मी दुसऱ्याच जिल्ह्यात होतो. तेव्हा एका सहकाऱ्याकडून कळलं की त्या भावांत विहिरीवरून तंटा लागला आहे. माझ्या एका बाजूच्या मापात दोन मीटरांची चूक होती आणि विहीर नेमकी त्या दोन मीटरांत आली होती. ती रेघ मोजली असती तर चूक तिथेच उघडी पडली असती. शेवटी कुणीतरी दप्तरातून निजामकाळचं टिप्पण काढलं, त्यावरून पुन्हा मोजणी झाली आणि तंटा मिटला. पण तोवर दोघांचेही पैसे वकिलांकडे गेले होते आणि दोन्ही घरांचं एकमेकांकडे जाणं-येणं थांबलं होतं. ते परत सुरू झालं की नाही, मला माहीत नाही. मी विचारायला गेलो नाही.

ज्याने ते जुनं टिप्पण काढलं, त्याची सही इतकी पुसट होती की नाव लागलं नाही, असं सहकारी म्हणाला. त्यानेही उन्हातच मोजलं असणार. त्याच्याही मजुरांनी कुरकुर केली असणार. पण त्याने ती रेघ मोजली होती.

ऐंशी वर्षांनी आलेला उपयोग

पॅरिसला ठरलेली ती जागतिक योजना अपेक्षेप्रमाणे पार पडली नाही. तारेसूची आणि आकाशाचे नकाशे असे तिचे दोन भाग होते, त्यांतला नकाशांचा भाग कधीच पूर्ण झाला नाही. सूची छापली गेली, पण तोवर जगातल्या ज्योतिर्विदांचं लक्ष दुसरीकडे, तारे कशाचे बनलेत, ते किती दूर आहेत याकडे गेलं होतं. अनेक वेधशाळांनी या मोजणीत उमेदीची वर्षं वाया घालवली अशी टीकाही झाली. आपल्या बारा खंडांवरही धूळ बसली असती.

मग १९८९ मध्ये युरोपने हिप्पार्कोस नावाचा उपग्रह सोडला. अवकाशातून ताऱ्यांच्या जागा मोजणं हेच त्याचं काम. १९९३ पर्यंत त्याने वेध घेतले. जागा फार नेमक्या मिळाल्या, पण एक अडचण राहिली. तारे स्थिर दिसले तरी ते सरकत असतात. मात्र इतके हळू की तीन-चार वर्षांत ते सरकणं बहुतेक ताऱ्यांच्या बाबतीत नीट कळत नाही. त्यासाठी हवं असतं जुनं माप. आज तारा इथे आहे, तर ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी तो कुठे होता?

हे जुनं माप कुणाकडे होतं? त्या जागतिक मोजणीच्या खंडांत. ते सगळे आकडे संगणकावर चढवले गेले, नव्याने जुळवले गेले. उपग्रहाचं माप आणि काचेवरचं माप शेजारी ठेवून ताऱ्यांची गती काढली गेली. २००० साली 'टायको-२' नावाची २५ लाख ताऱ्यांची सूची निघाली, तिच्यातल्या गतींचा मुख्य जुना आधार हीच काचांवरची मोजणी होती. बेगमपेठेत बसून आकडे लिहिणाऱ्यांपैकी तोवर बहुधा कुणीही उरलं नसेल. आपला आकडा उपग्रहाच्या शेजारी मांडला जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

माझ्या विहिरीच्या तंट्यासारखंच हे झालं. जुनी नोंद प्रामाणिक होती म्हणून नव्या मोजणीला आधार मिळाला. त्या काळी एखाद्याने कंटाळून चार ठिपके अंदाजाने लिहिले असते, तर कोण विचारणार होतं? पण दोन काचांवरची मापं जुळावी लागत होती, आणि ती जुळवली गेली.

पुढचं घर

वेधशाळेची पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. भास्करन यांच्यानंतर अकबर अली संचालक झाले. शहर वाढत होतं, दिवे वाढत होते, तेव्हा दूर जाऊन ४८ इंची मोठी दुर्बीण उभारावी अशी त्यांची योजना होती. १९६० मध्ये त्यांचं निधन झालं. म्हणजे तिसऱ्यांदा माणूस गेला, काम राहिलं. ते पुढे नेलं प्रा. कृष्ण दामोदर अभ्यंकर यांनी. हे आडनाव आपल्या वाचकांना वेगळं समजावून सांगायला नको. अमेरिकेत बर्कलीला शिकून ते उस्मानियात आले आणि त्यांच्याच काळात, १९६८ मध्ये, शहरापासून पन्नासेक किलोमीटर दूर जापाल-रंगापूर इथे ४८ इंची दुर्बीण उभी राहिली. पंधरा इंचीपेक्षा ती दहापट प्रकाश गोळा करते. बरीच वर्षं ती देशातली सर्वांत मोठी होती. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण रंगापुरावरून गेलं, तेव्हा ठिकठिकाणचे शास्त्रज्ञ तिथे जमले होते. अभ्यंकरांनी खगोलभौतिकीवर पाठ्यपुस्तकं लिहिली, तशीच प्राचीन भारतीय ज्योतिषावरही लिहिलं.

बेगमपेठने देशाला आणखी एक माणूस दिला. वेधशाळेतल्या एका सहायकाचा मुलगा वडिलांच्या कामाच्या ठिकाणी आकाश पाहत वाढला, निजाम कॉलेजात शिकला, संस्थानच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला आणि १९४९ मध्ये एका धूमकेतूच्या शोधात त्याचं नाव लागलं. तो मुलगा म्हणजे वेणू बाप्पू. पुढे ते आंतरराष्ट्रीय खगोल संघाचे अध्यक्ष झाले. तामिळनाडूत कावलूरला असलेल्या वेधशाळेला आणि तिथल्या मोठ्या दुर्बिणीला आज त्यांचं नाव आहे.

नवाबांचं नाव राहिलं, संचालकांची नावं राहिली, बाप्पूंचं नाव तर ताऱ्यांइतकं उंच गेलं. पण ती पंधरा लाख वाचनं करणारी माणसं कोण होती? रोमजवळच्या व्हॅटिकन वेधशाळेत याच योजनेतली मोजणी चार ननांनी केली, जवळजवळ ४ लाख ८१ हजार ताऱ्यांची. त्यांची नावंही कित्येक दशकं कुणाला ठाऊक नव्हती. २०१६ मध्ये जुने कागद चाळताना ती सापडली आणि जगभर छापून आली.

आपल्याकडेही कुणीतरी कागद चाळायला हवेत. काचीगुडा, सुलतान बाजार, गौळीगुडा या भागांत राहणारी आपली कितीतरी माणसं निजामकाळात सरकारी कचेऱ्यांत कारकून, मोजणीदार, मास्तर होती. त्यांत कुणी बेगमपेठला सायकलवरून जाऊन काचेवरचे ठिपके मोजणारा असेल का? मला माहीत नाही, पण असणं अशक्य नाही. ज्या घरात एखाद्या आजोबांची, पणजोबांची 'रसदगाह'मधली नोकरी, एखादं नेमणूकपत्र, एखादा जुना फोटो असेल, त्यांनी मंडळाकडे जरूर कळवावं. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत आपण ती नावं छापू. नावं मराठी असोत, तेलुगू असोत की उर्दू, सगळीच छापू. काम सगळ्यांनी मिळूनच केलं आहे.

यंदा गौरी येतील त्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर गच्चीवर जा आणि नैर्ऋत्येकडे पाहा. ढगांनी कृपा केली तर चंद्र दिसेल. त्याच्या आसपासच वृश्चिकाचा तांबूस तारा, ज्येष्ठा, आणि त्याच्या पश्चिमेला जरा आधी मावळणारे अनुराधेचे तारे. आमच्या घरी गेल्या वर्षी विसर्जनानंतर पाऊस थांबला तेव्हा आम्ही तिघं वर गेलो. आईला जिना चढायला त्रास होतो, तरी आली. शहराच्या उजेडात अनुराधेचे दोनच तारे दिसले. लेकीने बोट करून दाखवले.

आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं दाखवलंस. इतकी वर्षं नुसती वेळ बघत होते."

खाली आल्यावर मी कपाटातून माझी जुनी फील्ड बुकं काढली. ती दोन भावांची वही त्यांत नाही, ती दप्तरी जमा आहे, माझ्या सहीसह. हल्ली उपग्रहाच्या यंत्राने मोजणी होते, बटण दाबलं की आकडा येतो. तरीही पडताळ्याची रेघ मी स्वतः चालून मोजतो. नवी मुलं हसतात. त्यांना मी बेगमपेठची गोष्ट सांगतो.